कोकणातल्या घरून नोकरी करताना आयकरात काय वाचते

मुंबई-पुण्यातल्या कंपनीची नोकरी न सोडता दापोली, गुहागर किंवा मालवणच्या घरी परतलेले लोक बहुधा पहिल्यांदा हेच विचारतात, की इन्व्हर्टर, ब्रॉडबँड, टेबल-खुर्ची आणि वाढलेले वीजबिल यांची वजावट विवरणपत्रात कुठे दाखवायची. पगारदाराला ती कुठेच दाखवता येत नाही. आयकर कायद्यात घरून काम करण्यासाठी वेगळी वजावट नाही. अशा खर्चांपोटी पगारातून एकच ठोक प्रमाणित वजावट मिळते, नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये आणि जुन्या प्रणालीत ५०,००० रुपये, आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला याचा तिच्याशी संबंध नसतो. पावसाळ्यात सारखी लाइट जाते म्हणून घेतलेला इन्व्हर्टर कामासाठी कितीही आवश्यक असला, तरी त्याची पावती इथे उपयोगी पडत नाही.

त्यामुळे आधी करप्रणाली ठरवावी: जुन्या प्रणालीत घरभाड्यासारख्या वजावटी मिळतात, नव्या प्रणालीत दर कमी, पण त्यातल्या बहुतेक मिळत नाहीत. पुढील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. वर्षाचा पगार १२,७५,००० रुपयांपर्यंत असेल आणि दुसरे उत्पन्न नसेल, तर नव्या प्रणालीत कर शून्य येतो; अशा व्यक्तीने घरभाड्याच्या पावत्या जमवण्यात वेळ घालवू नये.

पगार त्याहून अधिक असेल तर हिशेब मांडून पाहावा. समजा, वर्षाचा पगार १८ लाख, त्यातला मूळ पगार ९ लाख आणि घरभाडे भत्ता ३,६०,००० रुपये आहे, आणि चिपळूणला आईच्या नावावरील घरात राहून तिला दरमहा १५,००० रुपये भाडे दिले जाते. मिळालेला भत्ता, भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा जाता उरणारी रक्कम आणि मूळ पगाराचे ४० टक्के, या तिन्हींपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त असते. मुंबईत राहताना हे प्रमाण ५० टक्के होते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी घर जिथे आहे त्या ठिकाणाचेच प्रमाण लागते. इथे १,८०,००० मधून ९०,००० वजा जाऊन ९०,००० रुपये करमुक्त ठरतात. त्याशिवाय कलम ८०सी खालील (पीएफ, आयुर्विमा यांसारख्या बचतीचे) दीड लाख, आरोग्यविम्याचे २५,००० आणि व्यवसायकराचे २,५०० रुपये धरले, तरी जुन्या प्रणालीत उपकरासह २,६७,५४० रुपये कर येतो. नव्या प्रणालीत यातले काहीही न मागता तो १,५०,८०० रुपये येतो. मुंबईचे मोठे भाडे सुटल्यावर जुन्या प्रणालीचा आधारच बऱ्याच अंशी सुटतो, आणि गावी परतलेल्यांपैकी अनेकांच्या हे लक्षातच येत नाही. गृहकर्जाचे मोठे व्याज असेल तर मात्र दोन्ही बाजू पुन्हा तपासाव्यात.

तरीही जुनीच प्रणाली फायद्याची ठरली, तर भाडे खरोखर बँकेतून द्यावे, साधा भाडेकरार करावा, वर्षाचे भाडे एक लाखाहून अधिक असल्यास आईचा पॅन कंपनीला कळवावा आणि आईच्या विवरणपत्रात ते उत्पन्न दाखवावे. तिला घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते. कोकणात घरे बहुधा सामाईक असतात, आणि घरपट्टीवर काकांबरोबर आपलेही नाव असते. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याला घरभाडे भत्त्यावरची सूट मिळत नाही. म्हणून ज्या घरात आपला हिस्सा आहे त्याचे भाडे काकांना दिल्याचे दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी बचत पगाराच्या रचनेत आहे आणि त्यासाठी एचआरकडे वर्षाच्या सुरुवातीलाच बोलावे लागते. ‘वर्क फ्रॉम होम भत्ता’ म्हणून दरमहा ठरावीक रक्कम पगारात आली, तर ती सामान्यतः करपात्र असते. कंपनीने फोन व मोबाइलचे बिल प्रत्यक्ष भरले, किंवा बिल घेऊन तितकेच पैसे परत दिले, तर ती रक्कम नव्या प्रणालीतही करपात्र धरली जात नाही. कामासाठीच्या इंटरनेटच्या बिलालाही कंपन्या साधारणपणे हेच तत्त्व लावतात. कंपनीच्या मालकीचा लॅपटॉप वापरण्यावर कर नाही, पण कंपनीने वापरायला दिलेल्या २०,००० रुपयांच्या खुर्चीपोटी दरवर्षी २,००० रुपये आपल्या उत्पन्नात मिळवले जातात. याहून मोठा लाभ एनपीएसमधील (राष्ट्रीय पेन्शन योजनेतील) कंपनीच्या वाट्याचा आहे. नव्या प्रणालीत मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत तो वजा होतो. वरील उदाहरणात, त्याच १८ लाखांतून १,२६,००० रुपये तिकडे वळवले, तर सुमारे २६,००० रुपये कर वाचतो. अर्थात ती रक्कम निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकून राहते, हे जमत असेल तरच हा मार्ग धरावा.

आपण खरोखर पगारदार आहोत का, हेही एकदा तपासावे. पगारावरील करकपातीचा दाखला असलेल्या फॉर्म १६ ऐवजी १६ए मिळत असेल आणि व्यावसायिक फीसाठीच्या कलम १९४जे खाली करकपात होत असेल, तर कंपनी आपल्याला सल्लागार मानते. तसे असल्यास कामापुरते वीजबिल, इंटरनेट आणि त्या इन्व्हर्टरचा घसारासुद्धा व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतो, मात्र त्यासाठी विवरणपत्राचा फॉर्म वेगळा असतो आणि बिले जपून ठेवावी लागतात.