आधी खर्च मांडा, मग प्रस्ताव लिहा

संशोधन प्रकल्पासाठी सरकारी योजनेतून अनुदान मिळवायला अर्ज करायचं ठरलं की आमच्याकडचे तरुण प्राध्यापक आधी प्रस्तावना लिहायला बसतात. मी त्यांना सांगते, प्रस्तावना राहू दे, आधी खर्च मांड. कुठे जायचं, किती वेळा, सोबत कोण, काय मोजायचं, कशाने मोजायचं, अशा प्रत्येक कामापुढे रक्कम लिहायला घेतली की आराखड्यातला कच्चेपणा लगेच दिसतो. ज्या कामापुढे आकडा लिहिता येत नाही, ते काम अजून ठरलेलंच नाही.

मी कोकणात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून उदाहरण सड्याचं, म्हणजे आमच्याकडच्या कातळ पठाराचं घेते. जांभ्याचे सडे उन्हाळ्यात ओसाड असतात आणि पावसात त्यांवर गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, दीपकाडी उगवते. ‘सड्यांवरील वनस्पतींचा अभ्यास’ हा झाला विषय. त्यावर पैसे मागता येत नाहीत, कारण तो पूर्ण कधी झाला हे कुणालाच सांगता येणार नाही. प्रश्न असा हवा: चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) बंद पडल्यावर तिथे सड्याच्या मूळ वनस्पती परत येतात का, आणि येत असतील तर कोणत्या जाती आधी येतात? आता काम डोळ्यांसमोर येतं. वेगवेगळ्या वर्षी बंद पडलेल्या खाणी निवडायच्या, प्रत्येकीजवळचा न खणलेला सडा तुलनेला घ्यायचा, दोन्हीकडे एक मीटर बाजूचे चौकोन आखून जाती मोजायच्या, मातीची खोली आणि पाणी किती दिवस साचतं ते नोंदवायचं.

आता हिशेब. 6 खाणी, जून ते ऑक्टोबर, प्रत्येकीला महिन्यातून एक फेरी, म्हणजे एका हंगामात 30 फेऱ्या. गाडीभाडं गावातल्या गाडीवाल्याला विचारून लिहा. सड्यापर्यंत पावसात गाडी जाते का, हेही त्यालाच ठाऊक असतं. मग प्रश्न येतो, तुमची लेक्चर, प्रॅक्टिकल आणि परीक्षा सांभाळून या 30 फेऱ्या कोण करणार?

इथे मनुष्यबळाचा रकाना येतो आणि बहुतेक सगळे डोळे मिटून ‘जेआरएफ, एक’ असं लिहून टाकतात. जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन छात्र, एसआरएफ म्हणजे वरिष्ठ. 1 जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या केंद्राच्या दरांनी जेआरएफला महिना 37,000 रुपये आणि एसआरएफला 42,000 रुपये आहेत. दोन वर्षं जेआरएफ, तिसऱ्या वर्षी एसआरएफ असं धरलं तर तीन वर्षांचे 13,92,000 रुपये होतात, वर शहराच्या वर्गाप्रमाणे घरभाडं. योजनेची एकूण मर्यादा याच्याशेजारी ठेवून बघा, बाकी कामाला काय उरतं ते. शिवाय जेआरएफला साधारणपणे नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. लहान गावात असा उमेदवार मिळणं कठीण, मिळाला तरी पुण्यामुंबईची संधी आली की तो जाणार. योजनेत मुभा असेल तर प्रकल्प सहायकाचं पद मागा आणि त्याचं कारण स्पष्ट लिहा. आपल्याच महाविद्यालयातून एम.एस्सी. झालेली, सड्याशेजारच्या वाडीत वाढलेली मुलगी हे काम कुणाहीपेक्षा चांगलं करते. तिला घरापासून न तुटता संशोधनाचा अनुभव आणि पगार मिळावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

वेळापत्रकात ‘पहिला महिना, दुसरा महिना’ असं लिहायचं असतं, पण पाऊस त्या तक्त्याप्रमाणे पडत नाही. पैसे नोव्हेंबरात आले तर पहिली फेरी पुढच्या जूनला. म्हणून पावसाशिवाय होणारी कामं स्वतंत्र लिहा: खाणींची निवड, नेमणूक, जागेचे नकाशे, मालकांची लेखी संमती. सडा पुष्कळदा सामाईक असतो आणि सातबाऱ्यावर नावांची रांग असते, त्यामुळे या संमतीला वेळ लागतो. जमीन वनखात्याची असेल तर परवानगी तिथून. संग्रहातले जुने, वाळवलेले वनस्पती-नमुने तपासायचं कामही याच काळात ठेवा. पुण्यात बीएसआयचं (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम. मंजुरी जूनमध्ये आली तर क्रम कसा बदलेल, तेही दोन ओळींत सांगा. परीक्षकाला त्यावरून कळतं की तुम्ही सड्यावर खरोखर उभे राहिलेले आहात.

उपकरणांच्या बाबतीत मी कडक आहे. मातीच्या काही नमुन्यांसाठी लाखोंचं यंत्र मागू नका. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर कोणत्या संस्थेत कोणतं उपकरण वापरायला मिळतं ते सापडतं. आयआयटी मुंबईत सैफची, म्हणजे बाहेरच्यांनाही शुल्क भरून वापरता येणाऱ्या उपकरण केंद्राची सोय आहे. नमुन्यामागचा दर आणि नमुन्यांची संख्या लिहिली की परीक्षकाचा विश्वास बसतो. जे खरंच विकत घ्यायचं, त्याचं ताजं कोटेशन जोडा. कंटिन्जन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकान्यात, प्रवास लपवू नका. ओव्हरहेड, म्हणजे प्रकल्प सांभाळण्याचा वरखर्च, संस्थेचा असतो, योजनेच्या नियमात असेल तेवढाच लिहा.

इतकं झालं की लेखन सोपं जातं. उद्दिष्टं तीन पुरेत आणि प्रत्येक उद्दिष्टाचा खर्च अंदाजपत्रकात सापडला पाहिजे. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेताना आपल्या प्रश्नाला भिडणारं तेवढंच घ्या. सारांश सगळ्यात शेवटी लिहा आणि दुसऱ्या विषयाच्या, म्हणजे भौतिकशास्त्राच्या वगैरे सहकाऱ्याला वाचायला द्या.

अर्जाचा नमुना मात्र चालू वर्षाचाच घ्या. 2023 च्या कायद्याने एसईआरबी या संशोधनाला अनुदान देणाऱ्या केंद्रीय मंडळाची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने, म्हणजे एएनआरएफने घेतली, तरी जुने एसईआरबीचे अर्ज अजून हातोहात फिरतात. भाषा कशी असते हे बघायला ते ठीक. रकाने, मर्यादा आणि पात्रता नव्या जाहिरातीतूनच.

कार्यालयाची कामं मजकुरासोबतच सुरू करा. प्राचार्यांचं संमतिपत्र दिलेल्या नमुन्यात, लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लागतं. महाविद्यालय यूजीसीच्या 2(एफ) (मान्यता) आणि 12(बी) (केंद्रीय अनुदानाला पात्र) यादीत आहे का, पीएफएमएस या केंद्राच्या निधी-प्रणालीवर नोंद आहे का, ते लेखापालांना विचारा. पूर्वीचा प्रकल्प असेल तर त्याचं विनियोग प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, नमुना जीएफआर 12-ए) सादर झालंय याची खात्री करा; थकलेला हिशेब नव्या अर्जाच्या आड येऊ शकतो. लेखापालांना अंदाजपत्रक आधीच दाखवा. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करावी लागली तर ती तेच करणार आहेत, आणि कोणती वस्तू तिथे मिळणं अवघड जातं हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पोर्टलवर अर्ज थोडा थोडा भरून सेव्ह करत राहा. शेवटच्या दिवशी सर्व्हर मंदावतो आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, म्हणून चार दिवस आधी सबमिट करा. फाइलचा आकार मर्यादेत आहे का, पानं आडवी तर आली नाहीत ना, पोर्टलवरची एकूण रक्कम आणि पीडीएफमधली रक्कम एकच आहे का, एवढं दोघांनी मिळून तपासा. अर्ज क्रमांक आणि संपूर्ण पीडीएफ उतरवून घेऊन एक छापील प्रत लेखापालांकडे द्या. पुढे समिती रक्कम कमी करून सुधारित अंदाजपत्रक मागते तेव्हा उत्तर थोड्या दिवसांत द्यावं लागतं. त्यासाठी आजच ठरवून ठेवा: 6 खाणींच्या 4 करायच्या, की तीन हंगामांचे दोन. मी खाणी कमी करीन. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, तेव्हा तिसरा हंगाम हाताशी लागतो.