वस्तीतल्या लेकरांसाठी स्काऊट-गाईड पथक: पहिल्या फेरीपासून पहिल्या शिबिरापर्यंत

स्काऊट-गाईडची बहुतेक पथकं शाळेत चालतात. शाळेत नाव हवं, त्या शाळेत पथक चालवणारे शिक्षक हवेत आणि गणवेशाचे पैसे घरून मिळायला हवेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूरच्या वस्त्यांतली कितीतरी लेकरं या तीनपैकी कुठल्यातरी एका अटीवर अडतात. काहींचं नाव पटावर असतं, पण दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर गेलेली असतात. काही सकाळी पाण्याच्या रांगेत आणि दुपारी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असतात. पथकच त्यांच्या दाराशी न्यावं लागतं. भारत स्काऊट्स आणि गाईड्स संस्थेत त्याची सोय आहे: शाळेशी न जोडलेलं पथकही काढता येतं आणि त्याला ओपन ग्रुप म्हणतात.

अशा पथकाची सुरुवात गणवेशापासून करू नका. एखाद्या देणगीदाराने तीस गणवेश दिले, फोटो झाला आणि चौथ्या आठवड्यात मैदान रिकामं, हे फार ठिकाणी घडतं. मुलं कपड्यासाठी येतात, कपडा मिळाला की येण्याचं कारण संपतं, आणि ज्याला मिळाला नाही तो पहिल्याच दिवशी तुटतो. पथक धरून ठेवतो तो संघ: सहा ते आठ मुलांचा गट, त्यांनीच निवडलेला संघनायक आणि दर आठवड्याची न चुकणारी वेळ. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा सुमारे वीस मुलांत श्रीमंतांच्या शाळांतली आणि कामगारांच्या घरची अशी दोन्ही होती. त्यांनाही लहान संघांतच वाटलं होतं, आणि गणवेश तर तेव्हा ठरलेलाही नव्हता.

मे महिना: वस्ती समजून घ्या

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हाच पथक सुरू करायचं. त्याआधी दोन-तीन आठवडे संध्याकाळी वस्तीत फिरा. सगळ्यात आधी विचारा की नळाला पाणी कोणत्या वारी आणि किती वाजता येतं, टँकर कधी येतो. मराठवाड्याच्या शहरांत हे न विचारता वेळ ठरवली, तर पाण्याच्या दिवशी निम्मी मुलं घागरी भरत असतील. त्यातही मुली जास्त. पाण्याची पाळी फिरती असेल, तर सभेचा वार नेहमी तोच ठेवा आणि पाळी आली त्या आठवड्यात फक्त तास सरकवा, पण आदल्या संध्याकाळी गल्लीत निरोप पोचलाच पाहिजे. आठवडी बाजाराचा दिवसही टाळा.

जागेवर डोकं लावा, कारण तिच्यावरून कोण येणार आणि कोण येणार नाही हे ठरतं. आपल्याकडच्या वस्त्यांत गल्ल्या समाजांप्रमाणे वसलेल्या असतात. बुद्धविहार, मंदिराचं पटांगण, मशिदीलगतचा चौक किंवा कुणाच्या मंडळाचं कार्यालय, यांतलं काहीही निवडलं की दुसऱ्या बाजूची लेकरं बिचकतात. महापालिकेच्या शाळेचं मैदान, अंगणवाडीसमोरची मोकळी जागा किंवा बागेचा कोपरा बरा. तीस पावलं लांब आणि वीस पावलं रुंद एवढी जागा पुरते. मात्र तिथवर येताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, आणि मुलींना तिथे जाताना कुठल्या टपरीसमोरून जावं लागतं तेही पाहून ठेवा.

माणसं आणि कागद

किमान तीन प्रौढ हवेत, त्यांतली किमान एक स्त्री, आणि तिघांतला एक जण वस्तीतलाच. बाहेरून येणारे कार्यकर्ते नोकरी बदलली की जातात. वस्तीतला माणूस राहतो. मुलांच्या पथकाला स्काऊटमास्तर आणि मुलींच्या पथकाला गाईड कॅप्टन लागते, व ती स्त्रीच असते. दोन्ही पथकं कागदावर वेगळी ठेवा, पण मैदान आणि वेळ एकच. भावाबरोबर बहीण येते, आणि आईलाही धीर येतो. दहा वर्षांखालच्यांसाठी कब आणि बुलबुल हे वेगळे विभाग आहेत. पहिल्या वर्षी ते उघडायचा मोह टाळा.

प्रत्येक जिल्ह्यात स्काऊट-गाईडचं जिल्हा कार्यालय असतं. तिथल्या जिल्हा संघटकांना सुरुवातीलाच भेटा. नोंदणी, वार्षिक शुल्क आणि प्रौढांसाठीचा सात दिवसांचा बेसिक कोर्स यांची माहिती तिथेच मिळेल. हा कोर्स न करता पथक चालवलं तर खेळ होतात, पण मुलांच्या चाचण्या आणि प्रमाणपत्रं अडतात.

जन्मदाखला नसलेली लेकरं भेटतील. त्यांना परत पाठवू नका. पालकांनी सांगितलेलं वय लिहा आणि दाखला मिळवण्याचं काम समांतर चालू ठेवा. पालकांच्या संमतीचा कागद वाचून दाखवून मग सही किंवा अंगठा घ्या, कारण न समजता दिलेली संमती पहिल्याच सहलीच्या आदल्या रात्री मागे घेतली जाते. एक नियम कधीही मोडायचा नाही: कोणताही प्रौढ एका मुलाबरोबर एकटा थांबणार नाही, घरी सोडायला जातानाही नाही. मुलाने त्रासाची गोष्ट सांगितली तर ती वस्तीत मिटवू नका. पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक लेकराला पाठ हवा.

पहिले तीन महिने

दोन संघांनी, म्हणजे १२ ते १६ मुलांनी सुरुवात करा. बाकीची मैदानाच्या कडेला उभी राहतील, त्यांना खेळात घ्या, पण नोंदणी थांबवा. पूर्ण वाढलेल्या पथकातही बत्तीसच्या वर जाऊ नये. संघ पाडताना एका गल्लीची मुलं एका संघात टाकली की गल्लीतली भांडणं मैदानावर येतात. म्हणून प्रत्येक संघात दोन-तीन गल्ल्यांची सरमिसळ करा, पण कुणालाही एकटं पाडू नका. ओळखीचा निदान एक जोडीदार असू द्या. घरी दखनी, गोरमाटी, वडारी बोलणारी मुलं असतात. सूचना मराठीत द्या आणि त्यांच्या बोलीतले चार शब्द तुम्ही शिका.

सभा दीड तासाची. झेंडा, प्रार्थना आणि तपासणीला दहा मिनिटं, मग लगेच धावपळीचा खेळ, कारण मुलं बसायला आलेली नसतात. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं एकच कौशल्य, दहा मिनिटं संघनायकांनी आपापला संघ घेऊन बसायचं, पुन्हा खेळ आणि समारोप. तपासणीत नखं, केस, हात बघा. कपडा आणि चप्पल यांवर शब्दही काढू नका. सगळ्यांसमोर चपलेबद्दल विचारलं गेलेलं मूल पुढच्या आठवड्यात येत नाही, आणि का येत नाही ते सांगतही नाही.

लिहिता न येणाऱ्यांसाठी किम्स गेम हा स्मरणाचा खेळ उत्तम. गमछ्याखाली २४ वस्तू ठेवा: सुई, बाभळीची शेंग, बसचं तिकीट, सेल, कापसाचं बोंड. एक मिनिट दाखवा, झाका आणि आठवलेल्या वस्तू संघनायकाच्या कानात सांगायला लावा. १६ बरोबर आल्या तर चांगलं.

गाठींसाठी माणशी तीन मीटर दोरी लागते. सोळा मुलांना ४८ मीटर. दोरी सुती आणि करंगळीहून थोडी बारीक घ्या. नायलॉन स्वस्त आणि टिकाऊ असतो, पण गुळगुळीत असल्यामुळे नवशिक्याची गाठ सरकते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. दोन्ही टोकं आधी दोऱ्याने गुंडाळून घ्या, नाहीतर महिन्यात पीळ उलगडतो. रीफ नॉट ही दोन टोकं जोडायची गाठ. तिला उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. मुलं दोन्ही वेळा उजवंच वर घेतात. ओळखायचं सोपं आहे: बरोबर गाठ चपटी बसते आणि टोकं दोरीला लागून मागे जातात; चुकलेली फुगते आणि टोकं आडवी बाहेर येतात. क्लोव्ह हिच, म्हणजे खांबाला दोरी बांधायची गाठ: खांबाभोवती एक वेढा, टोक मूळ दोरीवरून तिरपं नेऊन दुसरा वेढा, आणि टोक त्याच दुसऱ्या वेढ्याखालून ओढायचं. ती घरच्या वाळणीच्या दोरीला बांधून ये, असं सांगा. आईने पाहिलेली गाठ पथकाची सगळ्यात चांगली ओळख करून देते.

पहिल्याच महिन्यात प्रथमोपचार घ्या, आणि त्यातही भाजणं आधी, कारण एका खोलीच्या घरात चूल, स्टोव्ह आणि लेकरं एकाच जागी असतात. भाजल्यावर वीस मिनिटं साधं गार पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ, काहीच नाही. नळ नसेल तर भाजलेला भाग घमेल्यावर धरून तांब्याने पाणी ओता आणि घमेल्यातलं पाणी पुन्हा घ्या. अर्ध्या बादलीत काम होतं. चिंध्या, दोऱ्या आणि घमेलं आणून मुलांकडून हे करूनच घ्या. उन्हाळ्यासाठी जलसंजीवनी: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट आहे की शिगोशीग, हे संघनायकाने बोट फिरवून तपासायचं. मीठ जास्त झालं तर ते पाणी अपायकारक असतं.

प्रवेश, म्हणजे नव्या मुलाचा पहिला टप्पा, त्याचा अभ्यास तीन महिन्यांचा आहे. जूनच्या मध्यावर सुरू केलं की दीक्षाविधी, म्हणजे मुलांनी स्काऊट-गाईडचं वचन घेण्याचा कार्यक्रम, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बरोबर जमतो. ही तारीख आणखी एका कारणाने धरावी: ऊसतोडीच्या टोळ्या त्यानंतर निघतात, म्हणजे जाणारं लेकरू दीक्षा घेऊन जातं. वचनात ईश्वराऐवजी ‘धर्म’ हा शब्द घेण्याची मुभा आहे. बौद्ध घरांतल्या मुलांना आणि पालकांना ती आधीच सांगा. मूल स्वतःच्या मनाने वचन देतंय, हेच तर त्या विधीत महत्त्वाचं असतं.

स्कार्फ आणि पैसे

दीक्षेला पूर्ण गणवेश नसला तरी चालवून घ्या, पण स्कार्फ हवाच. तो त्रिकोणी असतो, दोन बाजू ७० ते ८० सेंमी. बाजू ७५ धरली, तर ९० सेंमी पन्ह्याच्या तीन मीटर कापडात चार चौकोन आणि तिरपे कापून आठ स्कार्फ निघतात, म्हणजे एका संघाचे पुरे. उरलेली १५ सेंमीची पट्टी खेळात डोळे बांधायला ठेवा. रंग जिल्हा कार्यालयाला विचारूनच घ्या. वस्तीतल्या शिलाईवाल्या ताईंनाच काम द्या आणि मजुरी द्या. हाच स्कार्फ हात मोडल्यावर झोळी होतो, हे त्याच दिवशी शिकवा.

आठवड्याला दोन रुपये वर्गणी ठेवा आणि वहीत मुलांनाच लिहू द्या. खरी कमाईचा, म्हणजे मुलांनी काम करून पैसे मिळवण्याचा उपक्रम मात्र जपून. त्यामागची भावना चांगली आहे, पण ज्या लेकराने सकाळी भंगार वेचलंय त्याला दुपारी पुन्हा पैशासाठी पाठवणं म्हणजे त्याच्या खेळाचा एकुलता तास काढून घेणं. बसून करायचं आणि हाताला कला देणारं काम घ्या, जसे दिवाळीचे आकाशकंदील किंवा कागदी पिशव्या.

बाहेर पडणं

पहिली पदभ्रमंती चार-पाच किलोमीटरची आणि डिसेंबर-जानेवारीत. संभाजीनगरकरांना विद्यापीठामागच्या लेण्यांची वाट आहे, धाराशिवला गावाजवळची लेणी, नांदेडला गोदावरीचे घाट. घाटावर पाण्यात उतरायचं नाही, हे निघताना आणि पोचल्यावर असं दोनदा सांगा. माणशी दोन लिटर पाणी घ्या. फेब्रुवारी सरला की सकाळी नऊच्या आत परत यायचं.

वीस जणांच्या खिचडीला २ किलो तांदूळ, पाऊण किलो मूगडाळ, १ किलो कांदे, पाव किलो शेंगदाणे, पाव लिटर तेल, ७०-८० ग्रॅम मीठ आणि १० लिटर पाणी. भांडं वीस लिटरचं घ्या. तुराट्या आणि पळाट्या (तुरीच्या आणि कापसाच्या वाळक्या काड्या) भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. पेटवायला त्या, पण आच धरायला बाभळीचं लाकूड. लाकूड कमी आणलं की तळ करपतो आणि वर तांदूळ कच्चा राहतो, कारण मधेच पुन्हा तुराट्या सारल्या जातात. बिनभांड्याच्या स्वयंपाकात आपली मुलं कुणाला हार जाणार नाहीत. गोवऱ्यांवरचे रोडगे आणि वांग्याचं भरीत त्यांना घरून येतं. तिथे त्यांना शिकवू द्या, तुम्ही शिका.

रात्रीचं शिबिर पहिल्या वर्षी एकाच रात्रीचं आणि जिथे स्वच्छतागृहाला दार, कडी आणि दिवा आहे अशाच ठिकाणी. मुलींच्या बाजूला दोन स्त्रिया हव्यात. मुक्काम शहराबाहेर असेल तर ध्रुव दाखवा. आपण अठरा-वीस अक्षांशाच्या आसपास राहतो, म्हणून तो उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. हात ताठ धरून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की त्यांच्या वरच्या कडेपाशी तो असतो. उन्हाळ्यात सप्तर्षीच्या पहिल्या दोन ताऱ्यांची रेघ पुढे वाढवा, हिवाळ्याच्या संध्याकाळी शर्मिष्ठा या तारकासमूहावरून अंदाज घ्या.

दिवाळीच्या सुमारास काही लेकरं जातील. त्यांचं नाव हजेरीपटातून कापू नका. ‘कारखान्यावर’ असा शेरा लिहा, प्रगतीपुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्याजवळ द्या आणि तीन मीटर दोरीही सोबत द्या. प्रथम सोपानातल्या (प्रवेशानंतरच्या टप्प्यातल्या) गाठी कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, बसूनही करता येतात. मार्च-एप्रिलमध्ये टोळी परतली की त्या आठवड्यात त्यांच्या दारी जा, आणि त्यांची जागा त्यांच्याच संघात मोकळी ठेवलेली असू द्या.