मंगळावरची वाळू वाचायला शिका, सुरुवात आपल्या क्रश सँडपासून

मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी रोव्हरचे (चाकांच्या यंत्रगाडीचे) कच्चे फोटो नासा वेबसाइटवर फुकट टाकते, पण बहुतेक जण चार फोटो बघतात, "सगळे दगडच दिसतायत" म्हणतात आणि बंद करतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ते फोटो वाचता येतात, आणि ती नजर तयार करायला ठाणे-नवी मुंबईसारखी जागा नाही. त्या फोटोंत दिसणाऱ्या वाळूच्या काळपट टेकड्यांची वाळू बेसाल्टची आहे, म्हणजे आपला काळा दगड, तोच जो पारसिकच्या डोंगरात आहे आणि येऊरलाही आहे.

आधी एक डबाभर क्रश सँड आणा. घोडबंदर रोडला कुठे ना कुठे काम चालूच असतं, वॉचमनला विचारून घ्या, नदीची वाळू मात्र नको. आपल्याकडची क्रश सँड म्हणजे काळा दगड क्रशरमध्ये फोडून केलेली वाळू. बादलीत दोन-तीन पाण्यांनी धुवा म्हणजे पावडर निघून जाते, मग गच्चीवर खडखडीत वाळवा. हे पावसाळ्यात करू नका, मी जुलैत केलं होतं आणि वाळू चार दिवस दमटच राहिली, दमट वाळू घसरत नाही, नुसती उभी राहते. दिवाळीनंतर करा. वाळली की चहाच्या गाळणीने चाळा, चाळताना तोंडाला मास्क लावा, ती धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

चाळायचं का, तर रोव्हरनेही हेच केलंय. क्युरिऑसिटी जिथे उतरली त्या गेल विवरात (मंगळावरचा मोठा खड्डा) बॅगनॉल्ड नावाचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे, त्यातल्या नामिब टेकडीशी क्युरिऑसिटी २०१५ च्या डिसेंबरात पोचली, जानेवारीत तिथली वाळू स्कूपने उचलली आणि १५० मायक्रॉनच्या (०.१५ मिलिमीटर) चाळणीतून चाळून पोटातल्या लॅबला दिली. निघालं काय तर फेल्डस्पार, पायरोक्सिन, ऑलिव्हिन ही खनिजं. ऑलिव्हिन पाण्यात फार लवकर खराब होतं, त्यामुळे ते वाळूत शिल्लक आहे याचा अर्थ या वाळूला पाणी फारसं लागलेलंच नाही. आता तुमच्या वाळूतून कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, काळे बारीक कण मिशीसारखे चिकटतात. मग भिंग लावून बघा, आपले कण धारदार दिसतील कारण ते मशीनने फुटलेत, मंगळावरचे गोलसर असतात कारण ते वाऱ्यावर उड्या मारत एकमेकांवर आपटत आलेत.

मग ताटात वाळू एकाच जागी हळूहळू ओता. ढीग वाढतो, मध्येच थबकतो, आणि एकदम एका बाजूने जिभेसारखा ओघळ खाली येतो. कंपासपेटीतला कोनमापक लावा, तीस-पस्तीस अंशांच्या आसपास येईल, माझा ३४ आला. आता नामिबचा फोटो उघडा. जी उभी, सावलीसारखी बाजू दिसते तिच्यावर तसेच ओघळ आहेत! वारा मागच्या कमी चढाच्या बाजूने वाळू वर आणतो, ती माथ्यावरून पलीकडे ढासळते, आणि अशी अख्खी टेकडी पुढे सरकते, त्या भागात पृथ्वीच्या एका वर्षात साधारण १ मीटरपर्यंत, तेही आपल्या हवेच्या जेमतेम एक टक्का दाबाच्या हवेत. म्हणजे कुठल्याही टेकडीचा फोटो आला की आधी उभी बाजू शोधा, वारा त्याच्या उलट बाजूने येतो.

खडकांसाठी खारघरच्या टेकडीला किंवा पारसिकला रस्त्यासाठी कापलेला कडा बघा, लांबूनच, दरडीच्या खाली उभं राहू नका. दगडात पांढरे ठिपके दिसतील, ते लाव्हातले बुडबुडे, मागाहून पाणी झिरपून त्यात झिओलाइट किंवा कॅल्साइट ही पांढरी खनिजं भरली. गेलमध्ये चिखलाच्या खडकातून अशाच पांढऱ्या शिरा जातात, त्या कॅल्शियम सल्फेटच्या, पण कारण तेच, खडक झाल्यावर भेगांतून पाणी फिरलं. थरांच्या बाबतीत मात्र फसू नका, आपल्याकडचा एकेक थर म्हणजे लाव्हाचा लोट, कित्येक मीटर जाड, आणि गेलमधले पूर्वीच्या तळ्यात साचलेले थर वहीच्या पानांसारखे पातळ आणि आडवे. थर तिरके, एकमेकांना कापत जाणारे दिसले तर थांबा, ती जुन्या वाळूच्या टेकडीची आतली बाजू असू शकते, दगड झालेली. स्टिमसन नावाच्या वालुकाश्मात हे फार सुंदर दिसतं. म्हणजे तुम्ही ताटात जो ओघळ पाडलात, तसेच ओघळ एकावर एक साचून दगड झालेत.

आकाराचा अंदाज घेतल्याशिवाय कुठल्याच फोटोवर मत बनवू नका, माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती, मूठभर खडे मी धोंडे समजून बसलो होतो. आधी कॅमेऱ्याचं नाव वाचा. माहली हे हाताच्या टोकाचं भिंग, त्यात कण दिसतात, मॅस्टकॅम हा रोव्हरच्या खांबावरचा कॅमेरा, तो डोळ्यांच्या उंचीवरून बघतो. चाक फोटोत असेल तर ते ५० सेंटीमीटर व्यासाचं, ड्रिलचं भोक १.६ सेंटीमीटर रुंद. रंगांवर लगेच विश्वास नको, बरेच फोटो पृथ्वीवरच्या उजेडासारखे दिसावेत म्हणून सुधारलेले असतात.

एका बैठकीत एकच फोटो घ्या. आम्ही घरी रात्री जेवण झाल्यावर घेतो, वाळूचं ताट शेजारी ठेवतो, आणि मुलगी आधी बोटाने वारा कुठून आला ते दाखवते, मग बाकीचं.