सेटअप फाइलवर सही कोणाची? डबल क्लिकच्या आधी बघायच्या गोष्टी

नौपाड्यातल्या कर सल्लागारांपासून वाशीच्या एपीएमसीतल्या गाळ्यांपर्यंत 'डिजिटल सही' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते डीएससीचं (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटचं) यूएसबी टोकन. ती सही माणसाची. इथे विषय आहे दुसऱ्या सहीचा: सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी आपल्या सेटअप फाइलवर करते तिचा.

या दोन सह्यांची गाठ नेमकी घाईच्या दिवशी पडते. महिन्याची २० तारीख, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं राहिलंय, कॉम्प्युटर नवा आणि टोकनचा ड्रायव्हर हाताशी नाही. टोकनचं नाव सर्च केलं, सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केलं, आणि कुठल्याशा 'फ्री ड्रायव्हर' साइटवरची फाइल चालवली. ड्रायव्हरबरोबर, कधी ड्रायव्हरऐवजी, ब्राउझरचं होमपेज बदलणारं आणि सारखं 'तुमचा पीसी स्लो झालाय' म्हणत पैसे मागणारं काहीतरी मशीनमध्ये येऊन बसतं. ज्या मशीनला टोकन लावून पिन टाकायचा, तिथे हे चालणार नाही. तपासायला एक मिनिट लागतं.

आधी विंडोजला फाइलचं खरं आडनाव दाखवायला लावा. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. हे बंद असेल तर पीडीएफचं चित्र लावलेली 'जीएसटी नोटीस.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती पीडीएफ वाटते. शेवटी ईएक्सई किंवा एमएसआय असेल तर तो प्रोग्रॅम आहे, नोटीस नव्हे. फाइल झिपमध्ये आली असेल तर आधी बाहेर काढा, मगच पुढचं तपासा.

आता फाइल न उघडता तिच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'डिजिटल सिग्नेचर्स' नावाचा टॅब दिसतो का बघा. दिसला तर यादीत सही करणाऱ्याचं नाव असेल. बरेच जण इथेच थांबतात, आणि चूक इथेच होते. यादीत नाव असणं म्हणजे सही खरी असणं नव्हे. नाव निवडून 'डिटेल्स' हे बटण दाबा. वर 'धिस डिजिटल सिग्नेचर इज ओके' असं आलं तरच सही जुळली. सही बरोबर नाही असा मजकूर आला तर सही झाल्यानंतर फाइल बदललेली असू शकते, किंवा डाउनलोड अर्धवट झालेलं असू शकतं. फाइल काढून टाका, मूळ कंपनीच्या साइटवरून पुन्हा घ्या. दुसऱ्यांदाही तेच आलं तर ती फाइल वापरू नका. 'आधी हे सर्टिफिकेट ट्रस्टेड रूटमध्ये (विंडोज ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं त्या यादीत) टाका, मग सही ओके दिसेल' अशी सूचना फाइलसोबत आली असेल तर तिथेच थांबा.

शेजारच्या 'डिटेल्स' टॅबमधल्या कॉपीराइट आणि प्रॉडक्ट नेमवर विसंबू नका. तो मजकूर प्रोग्रॅम बनवणारा हवा तसा टाइप करतो. तिथे 'मायक्रोसॉफ्ट' लिहायला कोणी अडवत नाही. पडताळलेलं नाव फक्त सिग्नेचरच्या टॅबमध्ये असतं.

सहीमागच्या सर्टिफिकेटची, म्हणजे कंपनीच्या ओळखपत्राची, मुदत संपलेली दिसली म्हणून लगेच घाबरू नका. सहीवर टाइमस्टॅम्प (सही केल्याच्या वेळेचा शिक्का) असेल आणि सही मुदतीच्या आत झालेली असेल, तर मुदत उलटल्यावरही ती ग्राह्य राहते. जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरवर हे नेहमी दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नाव वाचा, अक्षरन् अक्षर. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या सेटअपवर 'व्हिडिओलॅन' हे नाव असतं, क्रोमच्या सेटअपवर 'गुगल एलएलसी'. व्हीएलसी म्हणून घेतलेल्या फाइलवर कधी न ऐकलेल्या कंपनीची सही असेल, तर सही शंभर टक्के ओके असूनही ती फाइल तुम्हाला हवी असलेली नाही. तो कोणा तिसऱ्याचा डाउनलोडर आहे. व्हीएलसी देईल, पण सोबत आणखी दोन-तीन गोष्टी घालेल. आकारही बघा: व्हीएलसीचा खरा सेटअप ४० एमबीच्या आसपास असतो, असले डाउनलोडर बहुतेकदा एक-दोन एमबीचे. मात्र नुसत्या आकारावरून निकाल देऊ नका, कारण क्रोमचा अधिकृत सेटअपही लहानच असतो आणि बाकीचं नेटवरून ओढतो.

खरं नाव कोणतं हे कसं कळायचं? ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवर तेच सॉफ्टवेअर नीट चालत असेल तर तिथे प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊन त्याच्या ईएक्सईची सही बघा आणि दोन्ही नावं ताडून पाहा. टोकनचा ड्रायव्हर असेल तर डीएससी देणाऱ्या संस्थेच्या साइटवरच्या फाइलशी जुळवा. साइटचा पत्ता सर्चमधून न घेता त्यांच्या पावतीवरून किंवा ईमेलवरून घ्या. नाव फार क्वचित बदलतं, पण बदलतं. दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एनीडेस्कवर २०२४ च्या सुरुवातीला सायबर हल्ला झाला, तेव्हा त्यांनी सहीचं सर्टिफिकेट बदललं आणि जुनं 'फिलँड्रो सॉफ्टवेअर' हे नाव जाऊन 'एनीडेस्क सॉफ्टवेअर' आलं. जुन्या नावाची एनीडेस्कची प्रत पेनड्राइव्हवर पडलेली असेल तर काढून टाका.

पेनड्राइव्हवर ढीगभर सेटअप साठवलेले असतील तर एकेक उघडत बसू नका. त्या फोल्डरमध्ये राइट क्लिक करून 'ओपन इन टर्मिनल' घ्या, इंग्रजीत 'गेट-ऑथ' एवढं टाइप करून टॅब दाबा म्हणजे 'गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर' ही कमांड पूर्ण होईल, पुढे जागा सोडून स्टार-डॉट-ईएक्सई द्या. प्रत्येक फाइलसमोर स्टेटस येईल. 'व्हॅलिड' म्हणजे सही जुळली, 'नॉटसाइन्ड' म्हणजे सहीच नाही, आणि 'हॅशमिसमॅच' म्हणजे फाइल सहीशी जुळत नाही, ती लगेच काढून टाका.

सही नसलेली प्रत्येक फाइल वाईट नसते. झिप फाइली उघडणाऱ्या सेव्हन-झिपसारखं चांगलं, मोफत सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं सहीशिवाय मिळत आलंय. अशा वेळी 'गेट-फाइलहॅश' कमांडने फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) काढा, ६४ अक्षरांची ओळ येते, ती बनवणाऱ्याने जाहीर केलेल्या ओळीशी जुळवा. पण फाइल आणि हॅश दोन्ही एकाच अनोळखी साइटवर असतील तर जुळण्याला अर्थ नाही. ज्याने फाइल बदलली तो हॅशही बदलेल.

आणि सही ओके, नावही ओळखीचं, म्हणून डोळे मिटून 'नेक्स्ट, नेक्स्ट' करू नका. २०१७ मध्ये पीसी साफ करणाऱ्या सीक्लीनर या सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या खऱ्या सहीनिशी बाहेर पडली आणि तिच्यात मालवेअर होतं. घुसखोर कंपनीच्या आतच पोहोचले होते, त्यामुळे सही तपासून ते कळलं नसतं. नको असलेली सॉफ्टवेअर चिकटवणारे पुष्कळ जण तर रीतसर सर्टिफिकेट विकत घेऊनच सही करतात. म्हणून इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडा आणि आधीच टिक केलेल्या जादा ऑफर काढा. विंडोज सिक्युरिटीत 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन', आणि 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' खालच्या दोन्ही टिक चालू ठेवा.

निळा 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' बोर्ड आला तर 'मोअर इन्फो' दाबून प्रकाशकाचं नाव वाचा. फाइल नवी असेल आणि फार लोकांनी उतरवलेली नसेल तर चांगल्या सॉफ्टवेअरलाही तो येतो. मात्र तिथे 'अननोन पब्लिशर' असेल आणि फाइल व्हॉट्सॲपवरून आलेली असेल तर 'रन एनीवे' दाबू नका. मोबाइलच्या एपीकेला (अँड्रॉइड ॲपच्या सेटअप फाइलला) यातलं काहीच लागू नाही. तिथली सही बनवणारा स्वतःच तयार करतो, नाव हवं ते टाकतो. चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके न उघडता काढून टाका.

फाइल चालवून झाली असेल तर: टोकन काढा, नेट तोडा. सेटिंग्जमधल्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी तारखेने लावून त्या दिवशी आलेलं सगळं उडवा, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स बघा, मग विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होऊन सुमारे पंधरा मिनिटं घेतं. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, टोकनचा पिनही. खात्यातून पैसे गेले असतील तर स्कॅन संपायची वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.