उंच पिकअपचे मागचे पाटे बदलण्याआधीची तयारी

पिकअप उंच करायची म्हटली की बहुतेकांचा पैसा पुढच्या बाजूला जातो. पुढे नवे शॉकअप, नव्या स्प्रिंगा. मागे मात्र अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मध्ये दोन इंचांचा लोखंडी ठोकळा बसवून लांब यू-बोल्ट कसले की काम संपलं. रिकामी गाडी नागपुरात फुटाळ्यावर मिरवायला तेवढं पुरतं. पण काटोल-नरखेडकडे बाग असेल, आंबिया बहाराचे क्रेट डाल्यात चढायला लागले की गाडी मागून बसते, पांदण रस्त्यावर बंप स्टॉप (चेसिसखालचे रबरी थांबे) आपटतात आणि गाडी उचलताना मागून थरथर येते. तेव्हा मिस्त्री म्हणतो, "भाऊ, एक पाटा अजून टाकून देतो, काही होत नाही." त्याला हो म्हणण्याआधी पुढची कामं करून घ्या. हे सगळं व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, म्हणजे पुढे विशबोन आणि मागे पाटे असलेल्या.

पहिलं काम काटा करण्याचं. पाटे उंची बघून नाही, वजन बघून घ्यायचे असतात, आणि आपल्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर किती किलो येतात हे दहातल्या नऊ मालकांना ठाऊक नसतं. कळमना मार्केटकडे किंवा वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात काट्यांची कमी नाही. टाकी फुल्ल करा, रोजचं सामान गाडीत राहू द्या. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्या, मग पुढची चाकं पलीकडे उतरवून फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा. काटेवाला कुरकुर करेल, त्याला दुसऱ्या पावतीचे पैसे द्या. हेच भरलेल्या गाडीने पुन्हा करा. मोठ्या काट्याची पावती 5 किंवा 10 किलोच्या टप्प्यांत येते, आपल्या कामाला तेवढा अंदाज बस्स आहे.

हिशेबात एक गोष्ट हमखास सुटते. अ‍ॅक्सलच्या मागे टांगलेलं वजन आपल्या वजनापेक्षा जास्त भरतं. या गाड्यांचा व्हीलबेस साधारण 3.1 मीटर असतो. अ‍ॅक्सलच्या मागे एक मीटरवर 100 किलो ठेवले, तर मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे 132 किलो येतात आणि पुढचा अ‍ॅक्सल 32 किलोंनी हलका होतो. लोखंडी मागचा बंपर, त्यावर स्टेपनी, वर जेरीकॅन अशी सजावट असेल तर स्टिअरिंग हलकं का लागतं, याचं कारण तिथेच आहे. आकडा बघून अर्धं सामान घरी काढून ठेवावंसं वाटलं तर तसंच करा, पाट्यांचा खर्चही वाचेल.

पावत्या हातात आल्या की आरसीवरचं एकूण वजन बघा. नवे जाड पाटे टाकल्याने ते वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल, चेसिस आणि टायर तेच राहतात. टायरवर मापानंतर 112 (लोड इंडेक्स) लिहिलं असेल तर एका टायरची क्षमता 1120 किलो, 110 असेल तर 1060. मोठ्या नक्षीचे टायर टाकताना हा आकडा कमी तर झाला नाही ना, तेही याच वेळी बघून घ्या.

त्याच दिवशी उंचीही मोजून ठेवा. सपाट सिमेंटची जागा, चारही टायरमध्ये ठरलेली हवा, आणि चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत टेप. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने माप फिरतं. चार आकडे रिकाम्या गाडीचे, चार भरलेल्या गाडीचे. डाव्या-उजव्यात थोडा फरक असणारच. तो बोटभर असेल तर एखादा पाटा तुटलेला असू शकतो.

आता गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा आणि आधी पाणी मारून माती काढा, कारण आपली काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते आणि सगळं झाकते. सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी पाट्याला बारीक चीर आहे का बघा, पाटे बहुतेक तिथूनच जातात. यू-बोल्टच्या कडेला लालसर भुकटी दिसली, किंवा लोखंड घासून चमकत असलं, तर तो जोड हलतो आहे. यू-बोल्ट सैल असले की अ‍ॅक्सलला जागेवर धरायची जबाबदारी एकट्या सेंटर बोल्टवर येते, आणि तो त्यासाठी बनलेलाच नसतो. तो कापला गेला की अ‍ॅक्सल तिरपा सरकतो. शॉकअपच्या अंगावर ओली, तेलकट धूळ चिकटलेली असेल तर तो गेलेला आहे, दाबून बघायचीही गरज नाही. शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या पट्टीचे) रबर बुश एका बाजूला अंडाकृती झालेत का, तेही बघा.

ठोकळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ओझं वाहणाऱ्या गाडीत तो नको. ठोकळ्यामुळे अ‍ॅक्सल पाट्यांपासून लांब जातो. क्लच सोडताना अ‍ॅक्सल गोल फिरू पाहतो, त्याला पाटे पिळायला जास्त लांब दांडा मिळतो. पाट्यांचा आकार क्षणभर इंग्रजी एस अक्षरासारखा होतो, सुटतो, परत होतो. मागून येणारी थरथर आणि चिखलात चाकाने मारलेल्या उड्या बऱ्याचदा यामुळेच असतात. एकावर एक दोन ठोकळे दिसले तर ते त्याच दिवशी काढा. उंची पाट्यांच्या कमानीतूनच यायला हवी, म्हणजे पूर्ण नवा सेट. लांब शॅकलचा मार्ग स्वस्त आहे, पण 50 मिलीमीटर लांब शॅकलने गाडी साधारण 25 मिलीमीटरच उचलली जाते आणि अ‍ॅक्सलचा कोन मात्र फिरतो. जुन्या पाट्यांना कमान मारून घेणं त्याहून स्वस्त. ती काही महिने टिकते, मग पाटे पुन्हा बसायला लागतात. त्यातही लाल करून ठोकलेले पाटे घेऊ नका, पोलादाचं पाणी उतरलेलं असतं.

सेट निवडताना विक्रेता विचारेल, सतत किती वजन असतं? इथे बढाई मारू नका. बहारात 20 क्रेट, प्रत्येकी सुमारे 20 किलो, म्हणजे 400 किलो. पण असे दिवस वर्षात किती? उरलेले दिवस गाडी रिकामीच सिव्हिल लाइन्स ते हिंगणा फिरत असेल, तर 400 किलोंच्या सततच्या वजनाचे पाटे तुमची कंबर मोडतील. सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्यावर मागचा भाग उडेल, आणि पावसात ओल्या रपट्यावर मागची चाकं पकड सोडतील. वर्षातले बहुतेक दिवस जे वजन असतं त्याचे पाटे घ्या. वरच्या वजनासाठी खाली वेगळा हेल्पर पाटा असलेला सेट मिळतो, तो भर पडल्यावरच कामाला लागतो. हवेच्या पिशव्या बरेच जण सुचवतात. थोड्या आधारासाठी त्या ठीक आहेत, पण पाटे चेसिसला दोन टोकांना भार देतात आणि पिशवी तो सगळा एका बिंदूवर देते. मागे लांब टांगलेलं ओझं आणि खड्डे असले की डबल कॅब गाडीची चेसिस त्याच जागी वाकू शकते.

सेट उघडून बघता आला तर मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती (टोकाच्या गोल वळशाभोवती) दुसऱ्या पाट्याचं टोक वळवलेलं आहे का ते बघा. मुख्य पाटा तुटला तरी हा दुसरा अ‍ॅक्सलला धरून ठेवतो. वडचिचोलीच्या पुढे रात्री अडकायचं नसेल तर एवढ्यासाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

पाट्यांबरोबर काय मागवायचं? यू-बोल्ट नवेच, नटांसकट. जुने एकदा ताणून बसलेले असतात, परत कसले की धरत नाहीत. ठोकळा जाणार म्हणजे लांबी बदलणार, म्हणून आतली रुंदी, पायाची लांबी आणि आट्यांचं माप लिहून द्या. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात घट्ट बसलं पाहिजे, मिलीमीटरभर खेळही चालत नाही. बुश आणि शॅकलच्या पिना नव्या घ्या, काम अडतं ते याच दोन-चारशेच्या वस्तूंवर.

शॉकअप पाट्यांना जुळणारे हवेत. जाड पाटे उसळी जोरात परत देतात, ती कंपनीच्या शॉकअपला आवरत नाही. लांबीही मोजून घ्या. अ‍ॅक्सल बंप स्टॉपला टेकलेला असताना वरच्या-खालच्या खुंट्यांमध्ये जे अंतर राहतं, त्यापेक्षा पूर्ण दाबलेला शॉकअप निदान 15-20 मिलीमीटर आखूड हवा. नाहीतर प्रत्येक आपटीचा मार बंप स्टॉपऐवजी शॉकअप खातो. गिट्टीच्या रस्त्यावर मे महिन्यात, पारा 45 च्या पुढे असताना, तेल तापून शॉकअप मऊ पडतात. नायट्रोजन भरलेले, जाड नळीचे शॉकअप इथे पैसे वसूल करतात.

आता लोंबणाऱ्या गोष्टी. अ‍ॅक्सल आधीपेक्षा खाली जाणार, म्हणजे ब्रेक होज, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि अ‍ॅक्सलची ब्रीदर नळी या चारही ताणल्या जाणार. चाकं पूर्ण लोंबकळत असताना चारही सैल राहिल्या पाहिजेत. काही गाड्यांत अ‍ॅक्सल आणि चेसिसमध्ये एक दांडी असते, ती वजन ओळखून मागच्या ब्रेकला दाब वाटते. गाडी उंच झाली की तिला वाटतं डाला रिकामाच आहे, आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. दांडीचं ब्रॅकेट तेवढ्याच मापाने सरकवायला लागतं. या दांडीला सगळे विसरतात. तुमच्या गाडीत ती आहे का, हे आजच खाली वाकून बघा.

प्रोपेलर शाफ्टचे कोनही आधीच लिहून ठेवा. मोबाइलमधलं कोन मोजणारं अ‍ॅप चालेल. गिअरबॉक्सचा शेवट आणि डिफरन्शलचं तोंड एकमेकांना जवळपास समांतर हवं, एखाद्या अंशाचा फरक चालतो. काम झाल्यावर गाडी उचलताना थरथर आली तर सेंटर बेअरिंग आणि चेसिसच्या मध्ये पातळ पट्ट्या देऊन ते खाली घेता येतं. पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये बसणारी तिरपी पाचर हा त्याच्या पुढचा उपाय. मिस्त्री क्रॉस (शाफ्टचा सांधा) बदलायला सांगेल. आधी कोन मोजा, मग क्रॉस बदला.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. कलम 182-अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी एमएच 31 ची असो, 40 ची की 49 ची, आधी आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. विमा कंपनीचं उत्तर लेखी हवं.

कामाचा दिवस मृगाच्या आधीचा निवडा आणि सकाळी सहाला सुरू करा. अकरा वाजता टिनाच्या शेडमध्ये पाना हातात धरवत नाही. आदल्या दोन-तीन संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हँगरची (पाट्याचं पुढचं टोक चेसिसला धरणाऱ्या ब्रॅकेटची) पिन बुशमध्ये गंजून धरली असेल तर अर्धा दिवस तिथेच जातो. काही गाड्यांत एका बाजूचा पुढचा बोल्ट डिझेल टाकीकडे निघतो आणि टाकी खाली घ्यावी लागते, म्हणून त्या दिवशी टाकी जवळपास रिकामी असू द्या. हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो, तेव्हा मागची चाकं वर गेली की त्याचा उपयोग शून्य; पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. चेसिसखाली घोड्या, अ‍ॅक्सलखाली वेगळा ट्रॉली जॅक. नुसत्या जॅकवर कुणी गाडीखाली शिरला तर काम थांबवा, मग मिस्त्री कितीही जुना असो. पाटे पूर्ण सैल लोंबल्याशिवाय यू-बोल्ट सोडू नका.

मिस्त्रीला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. यू-बोल्ट आलटून-पालटून, तिरपे, टॉर्क रेंचने कसायचे आणि आकडा सेटच्या कागदावरचा घ्यायचा. हँगर आणि शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे कसायचे. हवेत कसले तर रबर बुश त्या स्थितीत जखडतात, गाडी खाली आली की पिळले जातात आणि वर्षभरात फाटतात. शिवाय गाडी हवी तेवढी खालीही बसत नाही, आणि दोष पाट्यांवर येतो.

पहिली फेरी काटोल रोडने फेटरीपर्यंत, रिकामी. ब्रेक रिकाम्या रस्त्यावर दोनदा जोरात मारून बघा. परत आल्यावर चार उंच्या पुन्हा मोजा, हेडलाइट नव्याने लावून घ्या आणि पुढचं अलाइनमेंट करा, कारण मागची बाजू वर गेली की पुढचा कॅस्टर (चाक ज्या धुरीवर वळतं तिचा मागचा कल) थोडा कमी होतो आणि महामार्गावर स्टिअरिंग भिरभिरतं. यू-बोल्ट पहिल्या शंभरेक किलोमीटरला आणि पुन्हा पाचशेला कसा. नटावर आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या पेंटची एक रेघ मारून ठेवली की नट फिरलाय का ते लगेच कळतं. जुने पाटे आणि ब्रॅकेट पोत्यात बांधून वावरातल्या खोलीत ठेवा. आरटीओने गाडी मूळ स्थितीत आणायला सांगितली तर तेच लागतील, आणि भंगारवाला देतो त्या पैशांत नवा सेट येत नाही.