गावातल्या मोठ्या माणसांना काय शिकायचंय? विचारायला जाण्याआधीची तयारी

"लिहिता-वाचता येतं का?" असं थेट विचारलं की प्रौढांच्या वर्गासाठीचं सर्वेक्षण तिथेच फसतं. सासूसमोर सून खरं सांगत नाही, सुनेसमोर सासू सांगत नाही, आणि दारात ओळखीचे गुरुजी उभे असले तर कुणीच सांगत नाही. म्हणून निम्मं काम दार वाजवण्याआधीच उरकायचं.

आधी कागद गोळा करा. जनगणनेचा साक्षरतेचा आकडा इथे कामाचा नाही. तो 7 वर्षांपुढच्या सगळ्यांचा असतो, त्यामुळे शाळकरी पोरं त्यात मिसळतात, आणि कुणाला वाचून दाखवायला लावून तो काढलेलाही नसतो. केंद्र सरकारच्या 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षांपुढचे निरक्षर धरतात. त्यांची यादी शाळेत झाली असेल तर मागून घ्या. वयासाठी मतदार यादी घ्या (त्यात 18 च्या आतले नाहीत, हे लक्षात ठेवा) आणि घरांसाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही.

घरं निवडताना ओळखीच्या गल्लीपासून सुरुवात नको. 300 घरांचं गाव असेल तर दर सातवं घर घ्या, म्हणजे 42-43 घरं होतात. गावठाण, वस्ती, तांडा यांची मोजणी मात्र वेगवेगळी करा. कुलूप दिसलं म्हणून शेजारच्या घरात शिरू नका, दोनदा परत जा. कुलूप असतं ते बहुतेकदा मजुरीला गेलेल्यांचं, आणि आपल्याला त्यांनाच तर भेटायचंय. बीडसारख्या ऊसतोडीच्या भागात दसरा-दिवाळीनंतर तांडेच्या तांडे रिकामे होतात. तिथे गुढीपाडव्यानंतरचे, पेरणीआधीचे आठवडे धरा.

एका माणसाला अर्धा तास लागतो. जोडीने जा, जोडीत एक बाई हवीच. एका जोडीची दिवसाला सहा-सात घरं नीट होतात. दहा केली तर शेवटची तीन उरकलेली असतात. तांड्यावर गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणारं माणूस सोबत घ्या, पण ते घरातलं नको.

पिशवीत काय न्यायचं, यावर सगळं अवलंबून आहे. पासबुकाच्या एका पानाची कोरी प्रत, गोळ्यांचं रिकामं पाकीट, रेशनची पावती, एसटीच्या पाटीवरची चार गावांची नावं मोठ्या अक्षरात, आणि 10, 20, 50 च्या काही नोटा. माणसाला परीक्षा वाटू देऊ नका. पाकीट हातात देऊन म्हणा, "मावशी, याची तारीख संपलीय का बघता?"

दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली सहीची. सही येते म्हणून साक्षर लिहू नका. अनेकींनी सही चित्रासारखी गिरवून पाठ केलेली असते. 'कमल' अशी सही करणाऱ्या बाईंना 'कलम' वाचायला द्या. अक्षरं तीच आहेत. अडखळल्या तर सही फक्त हाताला येते. दुसरी चूक डोळ्यांची. चाळिशीनंतर बहुतेकांना जवळचं नीट दिसत नाही, आणि आपण निरक्षर अशी नोंद करून मोकळे होतो. आधी विचारा, "तांदूळ निवडताना खडा दिसतो का? सुईत दोरा ओवता येतो का?" नसेल, तर त्यांना वर्गाआधी चष्मा हवा. नोंदीत तसा वेगळा रकाना ठेवा.

"काय शिकायला आवडेल?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: शिवणकाम. त्याऐवजी विचारा, "गेल्या महिन्यात कोणता कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला? कुणाकडून? त्याचे पैसे द्यावे लागले का?" सातबारा, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता, मुकादमाकडच्या उचलीचा हिशोब अशी उत्तरं आली की वर्गात पहिला धडा कशाचा हवा, ते आपोआप कळतं. वर्गाला कधी बसता येईल हेही विचारा, पण "सकाळी की संध्याकाळी?" असं नको. "काल रात्री भांडी कधी आवरली?" असं विचारा.

प्रश्नावली छापण्याआधी शेजारच्या गावात पाच जणांवर करून बघा. ज्या प्रश्नाला पाचही जण "हो" म्हणतात, तो काढून टाका. नावं वेगळ्या वहीत, उत्तरांच्या कागदावर फक्त क्रमांक. ग्रामसभेत आकडे सांगा, नावं कधीच वाचू नका. कुणाला वाचता येत नाही हे चारचौघांत निघालं, तर ती व्यक्ती वर्गाला यायची नाही.