टीनएजर मुलांना घेऊन थीम पार्कला जाताय? या चुका टाळा

मुलं सातवी-आठवीत गेली की घरच्या सहलीचं गणित बदलतं. नेरूळच्या वंडर पार्कमध्ये टॉय ट्रेनच्या एका फेरीवर खूश होणारी मुलगी आता खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जाऊन नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये बसायचं म्हणते. आईबाबा शेजारच्या सीटवर नसले तर बरं, असंही तिला मनातून वाटत असतं. आपण मात्र ती सहा वर्षांची असताना आखायचो तशीच सहल आखतो. सगळ्यांनी एकत्र फिरायचं, क्रम बाबांनी ठरवायचा, एक वाजता जेवायचं. भाचरं आणि सोसायटीतली मुलं घेऊन मी बरीच वर्षं अशा सहलींना जाते आहे. दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा याच कारणाने, म्हणून आधी त्याविषयी.

बेत मुलांना न विचारता ठरवणं

तिकिटं काढून मग "रविवारी जायचंय" असं जाहीर करू नका. आदल्या आठवड्यात पार्कची वेबसाइट मुलांच्याच हातात द्या. कोणत्या राइडला किती उंची लागते, कोणती दुरुस्तीसाठी बंद आहे, तिकिटाची तारीख बदलता येते का, हे त्यांनी शोधावं. ती हे काम आपल्याहून लवकर आणि नीट करतात. मग प्रत्येकाने अगदी हव्याच अशा तीन राइड कागदावर लिहाव्यात. मोठ्यांनीही लिहाव्यात, कारण आईला खरंच काय आवडेल हे घरात सहसा कुणी विचारलेलं नसतं.

या यादीवरून सकाळचा क्रम ठरतो. आत शिरल्यावर बहुतेक लोक दाराजवळ दिसेल त्या पहिल्या राइडच्या रांगेत उभे राहतात. तुम्ही थेट सगळ्यात मागणी असलेल्या राइडकडे चाला. इमॅजिकात ती बहुधा नायट्रो असते. 2013मध्ये सुरू झालेल्या या पार्कमधलं हे कोस्टर सुमारे 40 मीटर उंच आहे, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो आणि पायाखाली फरशी नसते. पहिला तास अशाच राइडना द्या, शोज आणि आतल्या गार राइड भर दुपारसाठी ठेवा.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. रोलर कोस्टरच्या पुढच्या रांगेत नजारा मिळतो, पण उतारावर जास्त झोका बसतो तो मागच्या डब्यांना. पुढचे डबे उतरायला लागलेले असतात आणि मागचा डबा शिखरावरून ओढला जातो. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधली जागा घ्यावी.

दिवसभर सगळ्यांनी एकत्रच फिरायचा हट्ट

एका कुटुंबात सात माणसं असतील तर दर राइडला कुणीतरी नको म्हणतं. मग बाकीचे थांबतात, त्याला समजावतात, पाणी प्यायला जातात, आणि अकरा वाजेपर्यंत फक्त एक राइड झालेली असते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना दोघातिघांच्या गटाने फिरू द्या. कुंपण घातलेल्या, दाराशी तपासणी असलेल्या पार्कसारखी मोकळं सोडायला बरी जागा ठाण्या-मुंबईत फारशी नाही. तीच मुलं वाशी किंवा ठाणे स्टेशनच्या गर्दीतून रोज क्लासला जातातच की.

मोकळीक देताना चार गोष्टी पक्क्या करा. एकट्याने कुठेही जायचं नाही, टॉयलेटलासुद्धा जोडीने जायचं. दर दोन तासांनी ठरलेल्या जागी भेटायचं. जागा नेमकी सांगा, "फूड कोर्टपाशी" म्हटलं तर चार दारांशी चौघं उभे राहतात. पार्कच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि आईबाबांचा मोबाइल नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवायचा. फोन लॉकरमध्ये असतो, बॅटरी संपलेली असते, आणि नंबर आता मुलांना पाठ नसतात. थोडी रोख रक्कमही द्या, गर्दीत नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही.

मुलींना, आणि मुलांनाही, निघण्याआधी सांगून ठेवा: रांगेत कुणी मुद्दाम धक्का दिला, पाठलाग केला, फोटो काढले, तर गप्प बसायचं नाही. जवळच्या युनिफॉर्ममधल्या कर्मचाऱ्याकडे जायचं आणि आम्हाला फोन करायचा. त्यांनी तसा फोन केलाच, तर "म्हणून सांगत होते एकत्र फिरा" हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. ते एकदा ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी सांगणार नाही.

भेटायच्या वेळी मुलं दहा मिनिटं उशिरा आली, तर ती रांगेत अडकलेली असतात. अर्धा तास उलटला तर हेल्प डेस्कवर जा. तिथून घोषणा करता येते.

घाबरणाऱ्याला ढकलणं

यावर मला जास्त बोलायचंय. तेरा वर्षांचा मुलगा रांगेत उभा असतो, वरून किंकाळ्या ऐकू येतात, तो म्हणतो "मला नाही बसायचं." लगेच काका म्हणतात, "अरे, मुलगा ना तू? बघ, ताई बसतेय." भाऊ मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करतो. या वयात चारचौघांत झालेला अपमान मुलं विसरत नाहीत, आणि राइडची भीती त्याने अजिबात कमी होत नाही.

नको म्हणणाऱ्याला एकदाच विचारा, "नक्की?" हो म्हणाला की विषय संपला. घरातलं एक मोठं माणूस त्याच्याबरोबर खाली थांबेल हे आधीच ठरलेलं असावं, म्हणजे त्याला आपण दुसऱ्यांचा खोळंबा करतोय असं वाटत नाही. पुष्कळ मुलं दुपारनंतर आपणहून म्हणतात, "चल, एकदा बघू." नाही म्हणाली तरी ठीक. बसल्यावर उतरावंसं वाटलं, तर गाडी सुटण्याआधी हात वर करून कर्मचाऱ्याला सांगता येतं, हेही त्याला माहीत हवं.

दुसरी बाजू अंगाची आहे. धाकट्याची उंची दोन सेंटिमीटरने कमी भरते, तर कधी धिप्पाड मुलाच्या खांद्यावरचा दांडा नीट लॉक होत नाही. कर्मचारी नाही म्हणाला की हुज्जत घालू नका. तो दांडा बसला तरच माणूस सीटवर राहतो. अनेक पार्कमध्ये मोठ्या कोस्टरच्या दाराशी नमुन्याची खुर्ची ठेवलेली असते. शंका असेल तर रांगेत तासभर उभं राहण्याआधी तिथे बसून बघता येतं. आणि "बघ, सांगत होते ना कमी खा" हे कुणाच्याही देखत म्हणायचं नाही.

पाठीचं किंवा मानेचं दुखणं, हृदयविकार, फिट येणं, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यापैकी काही असेल, तर वेगाच्या राइडवर बसू नये. मुलांच्या आग्रहाखातर तयार होणाऱ्या मावशी-काकूंनी हे विशेष लक्षात घ्यावं.

पाण्याच्या राइड, कपडे आणि पाळी

घोडबंदर रोडवरचं सूरज वॉटर पार्क असो, मानपाड्याची टिकुजीनी वाडी असो की इमॅजिकाचं वॉटर पार्क, पाण्यात उतरायला नायलॉन किंवा लायक्राचे कपडे लागतात. सुती टी-शर्ट, सलवार, जीन्स चालत नाहीत. सुती कपडा पाणी धरतो, जड होतो आणि घसरगुंडीत अडकू शकतो. हे दाराशी कळलं की भाड्याचे कपडे घ्यावे लागतात, आणि ते घालायला चौदा-पंधराची मुलं संकोचतात. या वयात अंगाविषयी किती लाज वाटते ते आठवून बघा. पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टॉप आणि लांब लेगिंग आठवडाभर आधी विकत आणा, निवड मुलीला करू द्या. मुलांनाही पूर्ण टॉप हवा असेल तर द्या. ओल्या कपड्यातला कुणाचाही फोटो त्याला न विचारता फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात उरकायचा मोह टाळा. दोन्ही अर्धवट होतात, आणि ओल्या कपड्यांत दिवसभर चालून मांड्या सोलवटतात. व्हॅसलिनची डबी जवळ ठेवा. थीम पार्कमधल्या भिजवणाऱ्या राइड दोनच्या सुमारास घ्या. सकाळी घेतल्या तर दिवसभर बूट ओले, संध्याकाळी घेतल्या तर एसी गाडीत कुडकुडत घरी.

आता पाळीचं. तारीख ठरवण्याआधी मुलीला एकटीला विचारा. सॅनिटरी पॅड पाण्यात उतरताच पाणी शोषतं आणि निरुपयोगी होतं. शरीराच्या आत बसणाऱ्या टॅम्पॉनची किंवा मेन्स्ट्रुअल कपची आधीपासून सवय असेल तर पाण्यात जाता येतं, पण पहिला प्रयोग त्या दिवशी नको. पाळी पुढे ढकलायची गोळी केमिस्टकडून आणून देण्याची पद्धत आपल्याकडे पूजेपासून सहलीपर्यंत सर्रास आहे. ती हार्मोनची गोळी असते. डॉक्टरांना न विचारता वाढत्या वयाच्या मुलीला ती देऊ नका. तारीख बदला, नाहीतर कोरड्या राइडच्या पार्कला जा. अचानक पाळी आली, तर तिच्याबरोबर कोरडं थांबायला कुणीतरी हवं, आणि आजोबांसमोर त्याची चर्चा नको. पिशवीत पॅड, गडद रंगाची जास्तीची पँट आणि प्लास्टिकची पिशवी एवढं असलं की बरंचसं निभावतं.

लांब केस घट्ट बांधा, ओढणी आणि सैल स्कार्फ गाडीत ठेवा. गो-कार्टच्या चाकात केस किंवा ओढणी अडकून आपल्या देशात जीव गेले आहेत. इथे "काही होत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पोट आणि ऊन

सकाळी सहाला निघायचं म्हणून मुलं उपाशी गाडीत बसतात आणि वाटेत तर्रीदार मिसळ खातात. दोन्ही वाईट. निघताना पोहे, उपमा, थालीपीठ असं काहीतरी बेताचं पोटात जाऊ द्या. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कमध्ये आत नेता येत नाही, त्यामुळे घरचे डबे गाडीतच राहतात. ते परतीसाठी ठेवा. जेवण साडेअकराला किंवा अडीचनंतर घ्या, एक वाजता फूड कोर्टमध्ये उभं राहायलाही जागा नसते. जेवल्यावर पाऊण तास गोल फिरणारं काही नको.

चक्कर आणि मळमळ होते ती कानाच्या आतला तोलाचा अवयव एक सांगतो आणि डोळे दुसरंच, म्हणून. पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्चीच्या राइडमध्ये हे जास्त होतं. अशा वेळी डोळे मिटून, डोकं मागे टेकवून बसावं. प्रवासात उलटी होणाऱ्या मुलांसाठी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच ठरवा, आणि तिने गुंगी येते हे लक्षात ठेवा.

एप्रिल-मेमध्ये खोपोलीच्या डोंगराखाली ऊन सपाटून लागतं. टोपी, दर दोन तासांनी सनस्क्रीन आणि तहान लागण्याआधी पाणी, एवढं तरी हवंच. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. छोट्या बाटलीत ते पूर्ण ओतलं तर मीठ-साखरेचं प्रमाण चुकतं आणि त्रास वाढू शकतो. पाकिटावरचं माप वाचा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आठवड्यातल्या मधल्या वारी गर्दी कमी मिळते, पण विजा चमकू लागल्या की उंच राइड थांबवतात. तेव्हा आतल्या राइडची यादी तयार ठेवा.

काही बिघडलंच तर

राइड मध्येच थांबली, तर बहुधा सुरक्षायंत्रणेनेच ती थांबवलेली असते. रोलर कोस्टरचा रूळ टप्प्यांत वाटलेला असतो आणि पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सोडली जात नाही. मुलांना आधीच सांगा: बेल्टला हात लावायचा नाही, उभं राहायचं नाही, कर्मचारी सांगेल तसं करायचं.

कुणाचं डोकं दुखतंय, घाम फुटलाय, मळमळतंय असं दिसलं की सावलीत किंवा एसीत न्या, कपडे सैल करा, मानेवर ओला रुमाल ठेवा, घोटघोट पाणी द्या. तो असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. तोंडातून पाणी न देता अंग गार करत राहा, प्रथमोपचार केंद्राला बोलवा आणि 108 वर फोन करा.

तीनच्या सुमारास दोघा भावंडांत भांडण होतं. ते बहुतेक वेळा भुकेचं आणि थकव्याचं असतं. निवाडा करत बसू नका. गार जागी बसवा, खायला द्या, वीस मिनिटं कुणी काही बोलू नका.

परतीचा प्रवास

रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून उतरणारी सगळी गर्दी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या मुंबईकडच्या लेनवर असते, आणि पार्क बंद होताना सुटलेल्या गाड्या त्यात मिसळतात. ठाण्याला जाणाऱ्यांना पुढे कळंबोली आणि शिळफाट्याची कोंडी आहेच. एक तास आधी निघा, नाहीतर खोपोलीत वडापाव आणि चहा घेऊन निवांत उशिरा निघा. दिवसभर उन्हात फिरलेल्या माणसाने लगेच स्टिअरिंग हातात घेऊ नये. मोठ्यांपैकी एकाने दुपारी अर्धा तास आडवं व्हावं आणि परतताना गाडी त्यानेच चालवावी. कॉलेजातली मुलं बाइकने येतो म्हणाली तर एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे हे त्यांना माहीत असू द्या. लोकलने जाणाऱ्यांनी सकाळी खोपोलीला उतरल्याबरोबर परतीच्या गाड्यांच्या वेळा बघून ठेवाव्यात. या मार्गावर लोकल कमी आहेत आणि एक चुकली की फलाटावर बराच वेळ जातो. स्टेशन ते पार्क रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा, आणि परतीसाठी त्याच रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा.